दर वेळी येणारी कणकण

आपल्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडतात, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्यांभोवती गोल करतात. या प्रकरणातला आजार ओळखायलाही आधी असंच एक कॅलेंडर लागतं. हा आजार रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. तो दिसतो तारखांमध्ये.

एक तरुण डोळ्यांसमोर आणा. हा कोणी एक खराखुरा माणूस नाही. वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या अनेक पुरुषांच्या तक्रारी एकत्र करून मी तो उभा केला आहे. वय अठ्ठावीस, नोकरी बरी, एरवी तब्येत ठणठणीत. पण महिन्यातून दोन-तीनदा त्याला फ्लू झाल्यासारखं होतं. अंग मोडून येतं, कणकण जाणवते, पण थर्मामीटर लावला तर ताप नसतो. नाक गळतं, डोळे चुरचुरतात. डोकं इतकं जड होतं की ईमेलमधलं एक वाक्य तीनदा वाचावं लागतं, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. घरच्यांवर उगाच चिडचिड होते. तीन-चार दिवस असे जातात आणि मग औषध घेतलं असो वा नसो, एका सकाळी तो उठतो तो पूर्ण बरा होऊनच.

फॅमिली डॉक्टर मलेरिया पाहतात, विडाल करतात, सीबीसी, थायरॉइड, बी-१२ सगळं तपासून होतं. रिपोर्ट नॉर्मल. ‘व्हायरल असेल’ इथून सुरुवात होते आणि वर्षभरात गाडी ‘टेन्शन घेऊ नका’पर्यंत येते. डॉक्टरांना ठाऊक नसलेली एक गोष्ट त्या तरुणाला मात्र कधीपासून ठाऊक असते. प्रत्येक वेळी हे सगळं वीर्यस्खलनानंतर अर्ध्या तासाच्या आत सुरू होतं. हे तो सांगत नाही, कारण सांगायचं कसं हेच त्याला कळत नाही. शेजारच्या खुर्चीवर बहुतेकदा आई बसलेली असते.

या आजाराला वैद्यकात नाव मिळालं २००२ साली. नेदरलँड्समधल्या हेग शहरातले मेंदू-मनोविकारतज्ज्ञ मार्सेल वाल्डिंगर आणि त्यांचे सहकारी डेव्ह श्वाइट्झर यांनी दोन पुरुषांची हकिगत प्रसिद्ध केली आणि तिला ‘पोस्ट-ऑर्गॅझमिक इलनेस सिंड्रोम’ म्हटलं. आद्याक्षरं जोडून त्याचं झालं ‘पॉइस’. मराठीत ‘स्खलनोत्तर आजार’ म्हणता येईल, आणि मला तेच नाव जास्त नेमकं वाटतं. इंग्रजी नावात कामतृप्तीचा उल्लेख आहे. पुढच्या अभ्यासात बोट दाखवलं गेलं ते मात्र तृप्तीकडे नव्हे, वीर्याकडे.

हा पुढचा अभ्यास २०११चा. वाल्डिंगर आणि सहकाऱ्यांनी ४५ डच पुरुषांची माहिती बारकाईने गोळा केली. त्यातल्या ८७ टक्के पुरुषांना स्खलनानंतर अर्ध्या तासाच्या आत त्रास सुरू होत होता. ५८ टक्क्यांची प्रकृती मुळात ॲलर्जीकडे झुकणारी होती. ५६ टक्क्यांना आयुष्यभर शीघ्रपतनाचाही त्रास होता. तक्रारींचे सात गट पडले: सर्वसाधारण थकवा, फ्लूसारखी लक्षणं, डोकं, डोळे, नाक, घसा आणि स्नायू. सगळ्यांत लक्षणीय बाब अशी की प्रत्येकाचा आजार वेगळा होता, पण ज्याचा त्याला तो दर वेळी तसाच्या तसा होत होता. एकाचं दर वेळी नाकापासून सुरू होई, दुसऱ्याचं दर वेळी मांड्यांच्या स्नायूंपासून. मनाला वाटतं म्हणून होणाऱ्या त्रासाला सहसा इतकी शिस्त नसते.

या अभ्यासातूनच निदानाच्या पाच खुणा पुढे आल्या. फ्लूसारखं वाटणं, पराकोटीचा थकवा, स्नायूंत अशक्तपणा, तापासारखं वाटणं किंवा घाम, चिडचिड, विस्मरण, एकाग्रता जाणं, बोलणं विस्कळीत होणं, नाक चोंदणं किंवा वाहणं, डोळे खाजणं, यांपैकी एक किंवा अधिक लक्षणं हवीत. ती स्खलनानंतर काही सेकंदांत, मिनिटांत किंवा फार तर काही तासांत सुरू व्हावीत. मग स्खलन संभोगाने होवो, हस्तमैथुनाने होवो की झोपेत आपोआप. असं नेहमीच व्हावं, म्हणजे दहातल्या नवाहून अधिक वेळा. बहुतेक लक्षणं दोन ते सात दिवस टिकावीत. आणि ती आपोआप जावीत.

वाचायला हे सोपं वाटतं, पण या पाच खुणांची रचना फार विचारपूर्वक झाली आहे. तिसरी खूण घ्या. एखाद्याला चार महिन्यांपूर्वी रात्री उशिरापर्यंत जागून, पोटभर मद्य घेऊन, संभोगानंतर दोन दिवस मरगळ आली होती. पुढे तसं झालं नाही. या माणसाला हा आजार नाही. ‘कधीकधी होतं’ आणि ‘दर वेळी होतं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो आठवणीवर विसंबून ठरवता येत नाही. माणसाची आठवण वाईट दिवस धरून ठेवते, बरे दिवस सोडून देते. म्हणून कॅलेंडर. स्खलन कधी झालं, पहिलं लक्षण किती वेळाने आलं, कोणतं आलं, कधी गेलं, आणि स्खलन होऊनही काहीच झालं नाही असे दिवस किती. हा शेवटचा रकाना लोक टाळतात आणि निदानासाठी तोच सर्वांत मोलाचा असतो.

दुसऱ्या खुणेतला झोपेचा उल्लेखही असाच. आपल्या भाषेने झोपेतल्या स्खलनाला ‘स्वप्नदोष’ म्हणून त्यात नसलेला दोष चिकटवून ठेवला आहे. वयात आलेल्या मुलाच्या शरीराचा तो साधा व्यवहार आहे. निदान करणाऱ्याच्या दृष्टीने तर ती निसर्गाने आयती मांडून दिलेली चाचणीच. झोपलेल्या माणसाने शारीरिक श्रम केलेले नसतात, जोडीदाराशी भांडण झालेलं नसतं, अपराधी वाटून घेतलेलं नसतं. तरीही तो सकाळी उठतो तो नाक गळत, अंग मोडून आलेल्या अवस्थेत. म्हणजे श्रम हे कारण नाही, भीती हेही एकमेव कारण नाही. उलट, कामोत्तेजना झाली पण स्खलन झालं नाही आणि त्रासही झाला नाही, तर संशयाची सुई वीर्याच्या बाजूला आणखी सरकते.

मग ही स्वतःच्याच वीर्याची ॲलर्जी आहे का?

वीर्याची ॲलर्जी ही कल्पना काही नवी नाही, पण ती स्त्रियांच्या बाबतीतली. जोडीदाराच्या वीर्याने स्त्रीला ॲलर्जी झाल्याची पहिली नोंद १९५८ सालची आणि योगायोग असा की तीही नेदरलँड्समधलीच. अशा स्त्रीला संभोगानंतर खाज, सूज, अंगावर गांधी, क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. तिथे दोषी घटक बऱ्याच अंशी हाती लागला आहे. प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं, पीएसए नावाचं प्रथिन. साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या रक्तात डॉक्टर मोजतात तेच हे. कुत्र्याच्या प्रोस्टेटमधलं एक प्रथिन त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं आहे की कुत्र्याची ॲलर्जी असलेल्या काही स्त्रियांत ही प्रतिक्रिया त्यातून उद्भवल्याचं आढळलं आहे. स्त्रियांमधलं निदानही तुलनेनं सुटसुटीत: निरोध वापरला की त्रास थांबतो. पुरुषाला ही सोय नाही. वीर्य त्याच्या स्वतःच्या मूत्रमार्गातूनच बाहेर पडतं. निरोध वापरला काय, न वापरला काय, त्याच्या शरीराशी त्याचा संपर्क झालेलाच असतो.

वाल्डिंगर यांनी ४५ पैकी ३३ पुरुषांच्या त्वचेवर त्यांच्याच वीर्याचा अतिशय पातळ केलेला अंश टोचून पाहिला. २९ जणांच्या, म्हणजे ८८ टक्क्यांच्या त्वचेवर प्रतिक्रिया उमटली. नसबंदी झालेल्या काही पुरुषांनाही हा त्रास होत असल्याचं दिसलं. नसबंदीनंतर वीर्यात शुक्रजंतू नसतात, तेव्हा प्रतिक्रिया शुक्रजंतूंवर नसून वीर्यातल्या द्रवावर असावी असा तर्क निघाला. वाल्डिंगर यांचं म्हणणं असं की इथे ॲलर्जीचे दोन प्रकार एकत्र येत असावेत: शिंका-खाजेसारखा झटपट येणारा आणि हळूहळू चढून दिवसचे दिवस रेंगाळणारा.

हा तर्क मला आकर्षक वाटतो. पण तो सिद्ध झाला असं म्हणणं घाईचं होईल. त्या अभ्यासात निरोगी पुरुषांच्या त्वचेवर त्यांचंच वीर्य टोचून तुलना केलेली नव्हती, आणि तुलना नसेल तर ८८ टक्के हा आकडा नुसताच मोठा दिसतो. २०१५ साली चिनी डॉक्टरांनी आपल्या एका रुग्णाची कसून तपासणी केली. परागकण, झिंगे, शेंगदाणे यांच्या ॲलर्जीत रक्तामध्ये आयजीई नावाची प्रतिपिंडं सापडतात. तशी वीर्याविरुद्धची प्रतिपिंडं या रुग्णात सापडली नाहीत. काही संशोधकांनी वेगळ्या वाटा सुचवल्या आहेत. स्खलनाच्या वेळी मेंदूत अफूसदृश रसायनांची उसळी येते आणि ती ओसरताना व्यसन सुटल्यासारखी अवस्था होत असेल, ही एक. काही रुग्णांत टेस्टोस्टेरॉन कमी आढळलं, ही दुसरी. एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे आजार एकत्र बांधले गेले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त पटते. लंडनच्या डॉक्टरांनी २०१० साली हेच सुचवलं होतं. म्हणूनच कोणी ‘त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे झालं निदान’ म्हणालं तर थांबा. चाचणी हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. हा भाग लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ‘वीर्य गेल्यावर अशक्तपणा येतो’ हे वाक्य भारतात कुणालाही नवं नाही. रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आल्या आहेत. रक्ताच्या अमुक थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे गणित गावोगावी मुलांच्या कानावर पडतं. ते साफ खोटं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, त्यापायी खटले सोसले, तेव्हा ज्या भयगंडांशी ते झगडत होते त्यांत हा एक प्रमुख होता. १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी या भीतीतून येणाऱ्या आजारपणाला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं आणि पुढे ते जगभरच्या मानसोपचारात रूढ झालं.

धातच्या रुग्णाची अडचण वेगळी असते. लघवीवाटे धातू जाते, त्याने शरीर पोखरलं जातंय, असं त्याला वाटत राहतं. थकवा, धडधड, झोप न लागणं, कामात मन न लागणं, हे सगळं असतं, पण ते रोजचं असतं. त्याला घड्याळ नसतं. सुरुवातीचा क्षण दाखवता येत नाही, शेवटचा दिवस सांगता येत नाही. त्याला शरीराची खरी माहिती दिली, चिंता किंवा नैराश्य असेल तर त्यावर उपचार केले, की बहुतेकदा बरं वाटतं. स्खलनोत्तर आजाराच्या माणसाला मात्र वीर्य जाण्याची भीती नसतेच, असलीच तर पुढच्या चार दिवसांची असते. त्याला कितीही समजावलं, त्याला ते पटलं, तरी पुढच्या वेळी नाक गळतंच. दोन हल्ल्यांमधल्या दिवसांत तो पूर्ण निरोगी असतो.

भारतातल्या डॉक्टरकडे स्खलन आणि थकवा हे दोन शब्द एकत्र आले की ‘धात’ हे उत्तर लगेच ओठांवर येतं. शंभरातल्या जवळजवळ सर्वांच्या बाबतीत ते बरोबरही असेल, कारण स्खलनोत्तर आजार खरोखरच दुर्मीळ आहे. पण उरलेल्या एखाद्याला ते ऐकून दार कायमचं बंद झाल्यासारखं होतं. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा. हे प्रकरण वाचून कुणा कोवळ्या मुलाने ‘बघा, वीर्य जाण्याने आजार होतो हे डच डॉक्टरही म्हणतात’ असा अर्थ काढला तर मला अतोनात वाईट वाटेल. स्खलनानंतर सुस्ती येणं, झोप येणं, काही काळ पुन्हा इच्छा न होणं, हे निरोगी शरीराचं लक्षण आहे. हस्तमैथुनाने कुणी दुबळं होत नाही. इथे बोलणं चाललं आहे ते शेंगदाण्याच्या ॲलर्जीसारख्या, मोजक्यांनाच होणाऱ्या गोष्टीबद्दल. त्यावरून शेंगदाणा विषारी ठरत नाही.

निदान करताना आधी दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात आणि त्यांतली काही तातडीची आहेत. संभोगाच्या ऐन क्षणी कवटी फुटेल अशी डोकेदुखी आयुष्यात पहिल्यांदाच आली तर कॅलेंडर भरत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं ते लक्षण असू शकतं. छातीत दुखलं, श्वास लागला, घसा सुजला, चक्कर येऊन पडायला झालं, तरीही तेच. बाकीची कारणं शांतपणे तपासता येतात. निरोधाच्या रबराची ॲलर्जी असू शकते. श्रमाने उसळणारा दमा असू शकतो. प्रोस्टेटला संसर्ग असेल तर स्खलनाच्या वेळी किंवा लघवीला दुखतं. काहींना संभोगानंतर कारण नसताना रडू कोसळतं, उदास वाटतं. त्यात शरीराची लक्षणं नसतात आणि ते काही तासांत ओसरतं. आणखी एक गोष्ट हमखास विचारायला हवी: लिंगाच्या ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी घेता का? नाक चोंदणं, चेहरा लाल होणं, डोकं दुखणं हे त्या गोळीचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत, आणि ती गोळी घेतल्याचं पुरुष सहसा आपणहून सांगत नाहीत.

उपचारांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण हाती आहे तेच थोडं आहे. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी २०२२ साली एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. अठराव्या वर्षापासून त्याला स्खलनानंतर खोकला, शिंका आणि हातांवर गांधी येत. अनेक तज्ज्ञांचे उंबरे झिजवूनही उत्तर मिळालं नव्हतं. रोज फेक्सोफेनाडीन ही साधी ॲलर्जीची गोळी सुरू केल्यावर त्याची लक्षणं ९० टक्क्यांहून अधिक कमी झाली. सगळ्यांचं असं होत नाही. वाल्डिंगर यांनी दोन पुरुषांना त्यांच्याच वीर्याचे अतिशय पातळ अंश टोचून, हळूहळू प्रमाण वाढवत नेलं. एकाला ३१ महिन्यांत ६० टक्के आराम पडला, दुसऱ्याला १५ महिन्यांत ९० टक्के. ही पद्धत १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी परागकणांच्या ॲलर्जीवर वापरली, तिचाच हा अवतार. कोरियातल्या डॉक्टरांनी २०१८ साली लसिकाग्रंथीत इंजेक्शन देऊन असाच प्रयत्न केल्याची नोंद आहे. काहींना वेदनाशामक-सूजरोधक गोळ्यांनी, काहींना संप्रेरकांच्या उपचाराने फरक पडला. एकेका, दोघा-दोघा रुग्णांचे हे अनुभव आहेत; यातून सर्वांना लागू पडेल असा नियम अजून उभा राहिलेला नाही. आणि कृपा करून, टोचण्याची चाचणी किंवा इंजेक्शन घरी करून पाहण्याचं धाडस कुणीही करू नये. जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तीव्र ॲलर्जीने काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

या आजाराची खरी झळ बसते ती संसाराला. पुढच्या आठवड्यात महत्त्वाचं काम असेल तर पुरुष महिना-महिना बायकोपासून दूर राहतात. शनिवार-रविवार आजारात घालवता येतो म्हणून शुक्रवार राखून ठेवतात. बायकोला कारण ठाऊक नसेल तर तिला वाटतं आपण नकोशा झालो आहोत. लग्नाला दोन वर्षं झाली की नातेवाईक ‘पाळणा कधी’ विचारू लागतात आणि त्या प्रश्नाचं ओझं तिच्याच डोक्यावर येतं. म्हणून माझं मत असं आहे की निदानाच्या पहिल्या भेटीला शक्य असेल तर जोडीदारानेही यावं. त्याला कधी काय होतं याची बाहेरून पाहिलेली नोंद तिच्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नसते. ‘हे नाटक आहे’ हा संशयही डॉक्टरांसमोरच मिटतो.

डॉक्टरांना एक विनंती. दर थोड्या दिवसांनी ‘व्हायरल’ होणारा, सगळे रिपोर्ट नॉर्मल असणारा तरुण समोर बसला असेल तर सोबत आलेल्यांना दोन मिनिटं बाहेर बसवा आणि त्याला सरळ विचारा: ‘हा त्रास संबंधांनंतर किंवा हस्तमैथुनानंतर सुरू होतो का?’ आवाज नेहमीचाच ठेवा, जसा ‘जेवणानंतर होतो का’ विचारताना असतो. तो नाही म्हणाला तर काहीही बिघडलं नाही.

आणि ज्यांना हे वाचताना स्वतःची गोष्ट वाचल्यासारखं वाटलं असेल, त्यांनी आजपासून तीन महिने तारखा लिहा. चांगले दिवसही लिहा. तो कागद घेऊन ॲलर्जीतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा लैंगिक आरोग्याच्या पात्र डॉक्टरांकडे जा; भिंतीवरच्या जाहिरातीतल्या पत्त्यावर जाऊ नका. बोलायला जीभ रेटली नाही तर कागद नुसता त्यांच्या पुढे ठेवा. पहिल्या डॉक्टरांनी तो न वाचताच परत दिला, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.